क्लच जड झाल्यास गॅरेज गाठण्यापूर्वीची तयारी

गोव्यात दिवाडीच्या किंवा चोडणच्या फेरीबोटीतून उतरताना पुढची गाडी धक्क्याच्या चढावर अडते, डावा पाय क्लचवर थरथरू लागतो, आणि क्लच जड झाल्याची खात्री पटते ती तेव्हाच. मग गॅरेजात ‘क्लच कडक झालाय’ एवढेच सांगितले, तर गिअरबॉक्स उतरवण्याचा विषय लगेच निघतो. माझ्या जुन्या गाडीला एका गॅरेजात पूर्ण क्लच सेट बदलण्याचा सल्ला मिळाला होता. दोष निघाला तो गंजलेल्या केबलीत. म्हणून गाडी मेस्त्रीच्या ताब्यात देण्यापूर्वी जडपणा गिअरबॉक्सच्या बाहेर आहे की आत, एवढे तरी आपले आपण पडताळून पाहावे.

सर्वप्रथम गाडीसोबत मिळालेली पुस्तिका काढून क्लच केबलचा आहे की हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, हे पाहावे, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर ठरते. त्याच कागदावर जडपणा एका दिवसात आला की महिनोन्महिने वाढत गेला, हे लिहून ठेवावे. अचानक आलेला जडपणा बहुधा केबलीची तार उसवल्याचा किंवा पेडलजवळचा एखादा बुश (सांध्यातली बारीक नळी) वा स्प्रिंग निकामी झाल्याचा असतो. हळूहळू वाढलेला जडपणा क्लच प्लेटच्या झिजेकडे बोट दाखवतो, कारण प्लेट पातळ होत गेली की प्रेशर प्लेटमधील (क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या भागातील) डायफ्राम स्प्रिंग या चकतीसारख्या स्प्रिंगच्या पाकळ्यांचा कोन बदलतो आणि तीच स्प्रिंग दाबायला पायाला अधिक जोर लागतो. नवा क्लच सेट बसवल्यावर लगेच जडपणा आला असेल, तर तेही लिहावे. अशा वेळी केबल चुकीच्या वळणाने नेलेली असू शकते.

साहित्य फारसे लागत नाही. हातातली बॅटरी (टॉर्च), हातमोजे, जुने फडके, चाकांना लावायला दोन लाकडी ठोकळे, पुस्तिकेत दिलेल्या मापाचे पाने आणि हायड्रॉलिक क्लच असल्यास पारदर्शक नळी व एक रिकामी बाटली जवळ असावी. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करून उभी करावी, आणि खाली शिरायचे असल्यास नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नये.

पहिली तपासणी अगदीच क्षुल्लक वाटेल: पेडलखालची चटई सरकून अडकली आहे का. पावसाळ्यात चिखलामुळे आपण जाड काथ्याची चटई टाकतो आणि तिला विसरतो. चटई काढून पेडल हाताने दाबावे आणि त्याच्या वरच्या सांध्यावर, बुशवर व स्प्रिंगवर बॅटरीचा प्रकाश टाकावा.

केबलच्या गाडीत खरा वेळ बॉनेटखाली द्यावा. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यात किनाऱ्याची खारी हवा. आवरण फाटले की पाणी आत मुरते, तार गंजते आणि पेडल करकरत, खरखरत खाली जाऊन परत यायला वेळ लावते. आवरणाला तीव्र वळण पडले आहे का, ते एक्झॉस्टला टेकून वितळले आहे का, हेही पाहावे. नंतर गिअरबॉक्सच्या बाजूचे टोक सोडवून पेडल दाबावे: जडपणा कायम असेल तर तो पेडलमध्ये किंवा केबलीत आहे, आणि पेडल मोकळे झाले तर गिअरबॉक्सच्या बाजूला क्लच सोडवणारे रिलीज फोर्क व रिलीज बेअरिंग किंवा प्रेशर प्लेट यांच्याकडे वळावे. बऱ्याच केबलींना आतून नायलॉनचे अस्तर असते, त्यामुळे तेल सोडून दिवस ढकलण्यापेक्षा केबल बदललेली बरी.

हायड्रॉलिक क्लचमध्ये टाकीतील ब्रेक ऑइल काळवंडले आहे का, हे पाहावे. त्यात कोणी चुकून इंजिन ऑइल ओतले असेल, तर मास्टर (पेडलकडच्या) व स्लेव्ह (गिअरबॉक्सकडच्या) सिलिंडरमधील रबरी सील फुगतात आणि पिस्टन जड चालतो. सोबत एक माणूस असेल, तर स्लेव्ह सिलिंडरच्या ब्लीड निपलला (हवा काढायच्या तोटीला) नळी लावून, तिचे दुसरे टोक बाटलीत सोडून, निपल उघडताच पेडल दाबायला सांगावे. तरीही जड राहिले तर अडथळा मास्टर सिलिंडर, पेडल किंवा आतून बंद होत आलेल्या होजमध्ये (तेलाच्या रबरी नळीत) असतो. हलके झाले तर तो स्लेव्ह सिलिंडरमध्ये किंवा त्याच्या पुढे. पाय उचलण्यापूर्वी निपल बंद करावा, अन्यथा हवा आत शिरते. हे ऑइल रंगावर सांडू देऊ नये, रंग उडतो.

शेवटी फर्मागुडीच्या चढासारख्या ठिकाणी वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून पाहावा. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही आणि पेडलही जड आहे, असे असेल तर प्लेट संपत आली आहे. पेडल दाबताच किरकिर वाढत असेल, तर रिलीज बेअरिंगचा संशय घ्यावा. या दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि एकदा तो उतरला की मजुरी तीच राहते, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट व बेअरिंग एकदमच बदलून घ्यावीत, आणि काढलेले जुने भाग आपल्याला दाखवावेत असे मेस्त्रीला काम सुरू होण्यापूर्वीच सांगून ठेवावे.