उधाणांआधी ओहोटीची वाट मोकळी करावी

पेण-अलिबागच्या खारभूमीत बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या मातीच्या बांधाला, खांड (भगदाड) पडली की सारा दोष उधाणाला दिला जातो. मी पाहिलेल्या बहुतेक खांडींसमोरचे तिवर (कांदळवनातील झाड) मात्र आधीच वाळून गेलेले होते, कारण भरतीचे पाणी ओहोटीला परत नेणारी नाळ (चर) बुजलेली होती. डागडुजीसाठी खाडीच्या बाजूची माती काढली जाते आणि त्या खड्ड्यांत पाणी तुंबते. भरावाखालचा पाइप गाळाने भरतो. तिवराची श्वास घेणारी मुळे आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहतात आणि लाट अडवणारे झाड गुदमरून मरते.

पाहणी पाऊस सुरू होण्याआधीच करावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पूर्ण ओहोटीला बांधावरून चालत जाऊन, जेथे पाणी साचून राहिले असेल तेथे खूण करावी. चिखलावर हिरवी साय धरली असेल आणि खेकड्यांची ताजी बिळे दिसत नसतील, तर नाळ निदान एक पावसाळा बंद असावी, असा माझा अंदाज आहे. अडकलेले प्लास्टिक आणि जाळ्यांचे तुकडे हाताने काढावेत. कुदळ मारण्यापूर्वी मात्र वन विभागाच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी घ्यावी, कारण उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण आहे.

जवळ जिवंत तिवर असल्यास रोपे विकत घेऊ नयेत. पावसाळ्यात फळे गळतात, पाण्यात त्यांची साल सुटते आणि दोन जाड हिरव्या दळांचे बी पाण्याबरोबर येऊन काठाच्या गाळात टेकते. काही दिवस भरतीने हलवले नाही, तर ते तेथेच मूळ धरते. नाळ बुजलेली असताना लावलेली महागडी रोपे मी पहिल्याच वर्षी कुजलेली पाहिली आहेत.

खारे पाणी शेतात शिरलेच, तर दुकानदार जिप्सम (जमीन सुधारण्यासाठी घालायचे खनिज) पुढे करतात. माती परीक्षणात क्षारांचे प्रमाण दाखवणारी विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त, पण सामू (pH) ८.५ च्या आत आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना धरून असलेला सोडियम) १५ टक्क्यांच्या आत असल्यास जिप्समवर पैसे घालू नयेत. क्षार धुऊन जावेत म्हणून पावसाचे पाणी खाचरात साठवून ओहोटीला उघाडीतून (बांधातल्या झडपेच्या दारातून) सोडावे.

इतर कामे:
- उघाडीच्या झडपा तपासणे
- बांधातील खेकड्यांची व उंदरांची बिळे चिकणमातीने बुजवणे
- कोवळ्या तिवरांत म्हशी न सोडणे
- पनवेल-१, २ किंवा ३ या क्षारसहनशील भाताचे बियाणे आणणे

बांधासाठी माती शेताच्या बाजूने, पायथ्यापासून दूर घ्यावी. खाडीच्या बाजूने एक घमेलेही काढू नये.