जीआरईचा स्कोअर कुठे, कधी आणि कसा पाठवायचा (फुकटचे चार वाया न घालवता)

जीआरई म्हणजे अमेरिकेत मास्टर्स-पीएचडीला जाताना द्यायची प्रवेशपरीक्षा. दरवर्षी दिवाळी उरकली की ती दिलेल्या ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच. दादा, दहा युनिव्हर्सिट्या फायनल केल्यात, दहाही ठिकाणी जीआरईचा स्कोअर पाठवतोय, कार्ड कुठलं वापरू? मी म्हणतो कार्डाचं नंतर बघू, आधी सांग त्या दहातल्या किती जणांनी ऑफिशियल स्कोअर आत्ता मागितलाय. मग पलीकडून बराच वेळ नुसतं टायपिंग टायपिंग दिसत राहतं, कारण ते कुणी बघितलेलंच नसतं.

तर पहिलं काम तेच. ऑफिशियल स्कोअर म्हणजे ईटीएसकडून, म्हणजे जीआरई घेणाऱ्या संस्थेकडून, थेट युनिव्हर्सिटीकडे जातो तो. तुम्ही तुमच्या अकाउंटमधून डाउनलोड केलेली पीडीएफ कितीही खरी असली तरी ती अनऑफिशियलच. आता प्रत्येक डिपार्टमेंटच्या ॲडमिशनच्या पानावर जाऊन, हो डिपार्टमेंटच्या, नुसत्या युनिव्हर्सिटीच्या नाही, बघायचं की ते काय मागतायत. काही जणांना जीआरई नकोच असते, उदाहरणार्थ एमआयटीचं इलेक्ट्रिकल-कॉम्प्युटर सायन्स डिपार्टमेंट जीआरई स्वीकारतच नाही, तिथे पाठवणं म्हणजे पैसे पाण्यात. काही जण म्हणतात फॉर्ममध्ये तुमचे आकडे तुम्हीच भरा, पीडीएफ जोडा, ॲडमिशन मिळाली तर ऑफिशियल पाठवा. आणि काही जण म्हणतात ऑफिशियल आल्याशिवाय आम्ही अर्ज उघडणारच नाही. एका एक्सेलमध्ये हे तीन रंगांत करून ठेवा, लाल म्हणजे आत्ताच ऑफिशियल लागणारे. माझ्या अंदाजाने दहातले लाल तीन-चारच निघतील, कधी कधी त्याहूनही कमी.

हे एवढं का, तर पैशांमुळे. जीआरईच्या फीमध्ये चार ठिकाणी स्कोअर पाठवणं फुकट असतं, पण ते चार फक्त परीक्षेच्या दिवशी वापरता येतात, त्या दिवशी सोडले की गेले, नंतर "माझे चार राहिलेत" म्हणून मागता येत नाहीत. नंतर पाठवायचा तर प्रत्येक ठिकाणचे ३५ डॉलर. दहा कॉलेजं असतील आणि चार फुकटात गेली तरी उरलेल्या सहाचे २१० डॉलर होतात, म्हणजे अर्जाच्या फिया वेगळ्या आणि हे वेगळं. तेवढ्यात आणखी दोन युनिव्हर्सिट्यांना अर्ज होतो राव.

परीक्षेच्या दिवशी नेमकं काय होतं ते आधीच माहीत असलेलं बरं, कारण सेंटरवर तेव्हा डोकं बधिर झालेलं असतं. आता पेपर लहान झालाय, सप्टेंबर २०२३ पासून एक तास ५८ मिनिटांचा, पण थकवा यायचा तो येतोच. पेपर संपला की स्क्रीन विचारते स्कोअर रिपोर्ट करायचा की कॅन्सल. रिपोर्ट म्हटलं की क्वांट (गणित) आणि व्हर्बलचे (इंग्रजी) अनऑफिशियल आकडे दिसतात, आणि मग चार जागा निवडायची पाळी येते. म्हणजे आकडे बघून ठरवता येतं ही चांगली गोष्ट आहे, ३२५ पडले तर एक यादी, ३०८ पडले तर दुसरी, अशा दोन याद्या घरूनच पाठ करून जा. पाठ करून म्हणतोय कारण आत चिठ्ठी नेता येत नाही. कुणालाच पाठवायचा नसेल तर तेही चालतं, पण एखादं लाल कॉलेज यादीत नक्की असेल तर ती संधी सोडू नका.

आणि युनिव्हर्सिटीच्या नावांकडे डोळे फाडून बघा. अमेरिकेत सारख्या नावांचा नुसता गोंधळ आहे. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन सिॲटलला आहे, वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी मात्र सेंट लुईसला, म्हणजे मिझुरीत. युनिव्हर्सिटी ऑफ मायामी फ्लोरिडात आणि मायामी युनिव्हर्सिटी ओहायोत. टेक्सासवाल्यांचं तर विचारूच नका, ऑस्टिन, डॅलस, आर्लिंग्टन सगळे वेगवेगळे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियातही प्रत्येक कॅम्पसचा स्कोअर पाठवायचा कोड वेगळा, बर्कलीचा ४८३३, लॉस एंजेलिसचा ४८३७, सॅन डिएगोचा ४८३६, एकाला पाठवला म्हणजे बाकीच्यांना आपोआप पोचला असं होत नाही. म्हणून नावाबरोबर राज्य आणि हा चार आकडी कोड दोन्ही एक्सेलमध्ये लिहून ठेवा. कोड युनिव्हर्सिटीच्याच पानावरून घ्या, कुठल्यातरी ग्रुपवर फिरणाऱ्या यादीवरून नको. एकदा पाठवायला सांगितलं की ते रद्दही होत नाही आणि बदलूनही मिळत नाही.

दोनदा-तीनदा परीक्षा दिली असेल त्यांच्यासाठी स्कोअरसिलेक्ट नावाची सोय आहे. परीक्षेच्या दिवशी दोनच पर्याय, फक्त आजचा स्कोअर किंवा गेल्या पाच वर्षांतले सगळे. नंतर ३५ डॉलर भरून पाठवताना तिसरा पर्याय मिळतो, हवा तो निवडा, एक किंवा जास्त. पहिला प्रयत्न बरा होता आणि दुसरा फसला तर दुसऱ्या परीक्षेच्या दिवशीचे फुकटचे चार न वापरता नंतर पैसे भरून पहिला पाठवणंच शहाणपणाचं. न पाठवलेल्या प्रयत्नांचा त्या रिपोर्टमध्ये उल्लेखही नसतो, त्यामुळे उगाच घाबरू नका. फक्त एक, एका परीक्षेतलं क्वांट आणि दुसरीतलं व्हर्बल अशी भेळ करून मिळत नाही, परीक्षा पूर्णच जाते.

वेळेचं गणित असं. ऑफिशियल स्कोअर परीक्षेनंतर साधारण ८ ते १० दिवसांनी अकाउंटमध्ये दिसतो, निबंधाचे मार्कही तेव्हाच कळतात, आणि फुकटचे चार रिपोर्टही त्याच सुमाराला निघतात. पुढे युनिव्हर्सिटीच्या सिस्टिममध्ये तो तुमच्या अर्जाला चिकटायला आणखी काही दिवस जातात आणि डिसेंबरात तिथे नाताळची सुट्टी. म्हणून १५ डिसेंबरची डेडलाइन असेल तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत परीक्षा झालेली असावी असं माझं मत, परत द्यावी लागली तर मध्ये २१ दिवसांचं अंतर सक्तीचं आहे तेही धरा. आणि डेडलाइन कुठल्या घड्याळाची ते बघा, न्यूयॉर्कच्या वेळेने १५ तारखेचे रात्रीचे ११:५९ म्हणजे आपल्याकडे १६ तारखेला सकाळी १०:२९, कॅलिफोर्नियाच्या वेळेने असेल तर दुपारी १:२९. तरी शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, बँकेचा ओटीपी त्याच रात्री रुसतो. कार्डावर इंटरनॅशनल आणि ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधीच चालू करून घ्या, नवीन कार्डावर ते बहुतेक बंदच असतात.

आता ज्यात आपली मराठी माणसं हमखास अडकतात ती गोष्ट, नाव. आपलं नाव तीन मजली, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पासपोर्टवर बऱ्याचदा गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं असं दोन्ही एकत्र असतं. ईटीएसच्या अकाउंटवर पासपोर्टप्रमाणे भरलेलं असतं, आणि मग युनिव्हर्सिटीच्या फॉर्ममध्ये मिडल नेमचा वेगळा डबा दिसला की आपण वडिलांचं नाव उचलून तिकडे टाकतो. मी अगदी हेच केलं होतं, वर ईमेलही दोन्हीकडे वेगळा, एकीकडे कॉलेजचा आणि एकीकडे जीमेल, आणि युनिव्हर्सिटीच्या अर्जाच्या पोर्टलवर तीन आठवडे "स्कोअर मिळाला नाही" असंच दिसत होतं. स्कोअर कधीच पोचला होता, फक्त तो माझा आहे हे त्यांच्या सिस्टिमला कळत नव्हतं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं तर आणखी अवघड, मधलं नावही बदलतं आणि आडनावही, म्हणून परीक्षा, पासपोर्ट आणि अर्ज तिन्हीकडे एकच नाव असेल असं आधीच ठरवा. जन्मतारीखही जपून. तिकडे महिना आधी लिहितात, ०५/०८ भरताना तुम्ही ५ ऑगस्टचे ८ मे होऊन जाता.

पोर्टलवर दोन-तीन आठवड्यांनंतरही स्कोअर दिसत नसेल तर लगेच परत ३५ डॉलर भरू नका. आधी ईटीएसच्या अकाउंटमध्ये रिपोर्ट कधी गेला ती तारीख बघा, मग ग्रॅज्युएट ॲडमिशन ऑफिसला छोटा ईमेल करा. त्यात ॲप्लिकेशन नंबर, परीक्षेची तारीख, ईटीएसचा रजिस्ट्रेशन नंबर, स्कोअर रिपोर्टवर जसं आहे तसं नाव, जन्मतारीख महिन्याचं नाव अक्षरात लिहून, आणि सोबत पीडीएफ जोडलेली. बास, एवढंच, "आय ॲम व्हेरी टेन्स्ड सर" वगैरे नको. बरेचदा माणूस हाताने जोडून देतो आणि काम होतं. डिपार्टमेंटला विचारलं तर ते ग्रॅज्युएट स्कूलकडे बोट दाखवतील, त्यामुळे सुरुवात तिथूनच करा.

कन्सल्टन्सीवाल्यांकडून सगळं करून घेत असाल तर ईटीएसचं अकाउंट तरी स्वतःच्या ईमेलवर उघडा. त्यांच्या ईमेलवर उघडलं की पासवर्ड त्यांच्याकडे, आणि ऐन वेळी त्यांचा फोन लागत नाही.

इंग्रजीच्या परीक्षांचे नियम वेगळे आहेत, जीआरईचे तिकडे लावू नका. टोफेलमध्येही फुकटच्या जागा असतात पण त्या परीक्षेच्या आदल्या रात्री १० च्या आत भराव्या लागतात, म्हणजे आकडे न बघताच. आयईएलटीएसमध्ये टीआरएफ नंबर, म्हणजे निकालपत्राचा नंबर, असतो, बऱ्याच युनिव्हर्सिट्या त्यावरून स्वतःच पडताळून घेतात. ड्युओलिंगो कितीही ठिकाणी फुकट पाठवता येतो. आणि टोफेल-आयईएलटीएस दोन वर्षं चालतं, जीआरई पाच, तेव्हा थर्ड इयरला उत्साहात दोन्ही देऊन टाकली आणि मग तीन वर्षं नोकरी केली तर जीआरई शाबूत असते पण इंग्रजीची परत द्यावी लागते.

राहिलं ते ॲडमिट आल्यानंतरचं. जिथे अर्जात नुसते आकडे भरले होते तिथून पत्र येईल की आता ऑफिशियल पाठवा. चार ठिकाणहून आलं तरी चारही ठिकाणी पाठवू नका, जिथे जायचं नक्की झालंय तिथेच एकदा ३५ डॉलर भरा आणि पावतीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.