"आवडलं का?" असं विचारू नका

बाळंतिणींच्या वॉर्डासाठी काढलेलं माझं पहिलं चित्र सगळ्यांना आवडलं होतं. आईच्या छातीवर बाळ, वर दुपटं, मऊ रंग. तिथल्या सिस्टरने ते एका बाळंतिणीपुढे धरून विचारलं, "यात काय चाललंय?" ती म्हणाली, "गुंडाळलेलं बाळ निजलंय."

मला सांगायचं होतं वेगळंच. जन्मल्याबरोबर बाळाला पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, म्हणजे ऊब टिकते आणि पहिल्या तासातच अंगावर पाजणं सोपं जातं. माझ्या चित्रात दुपटं नेमकं दोघांच्या मधे आलं होतं. मग ते बाळाच्या पाठीवरून घेतलं, बाळाला टोपी घातली आणि त्याचा उघडा गाल आईच्या छातीला टेकवला. नुसतं एवढंच बदललं. पुढच्या बाईने बघताक्षणी विचारलं, "अंगावर कपडा नको का मधे?" चित्र पोचलं होतं.

म्हणून या कामात नव्याने येत असाल, तर रंग भरण्याआधी कच्चं रेखाटन घेऊन जा. मजकूर डॉक्टरांकडून तपासून घ्याच, पण चित्र तपासायचं ते बाळंतिणींकडूनच.

काही गोष्टी चित्रात मावत नाहीत. शांत पडलेल्या तान्ह्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त असले, तर ते धोक्याचं लक्षण. बाण काढून पाहिले, कुणाला कळेना. शेवटी पथनाट्यात घेतलं. प्रेक्षकांनी सेकंदाला एक टाळी वाजवायची, आणि बाहुलीच्या पोटावर ठेवलेला आईचा हात त्याहून भरभर वरखाली व्हायचा. पूर्ण एक मिनिट. मिनिट फार लांबतं, पंधरा सेकंदांत उरका, असं आमच्यातलेच म्हणाले. मी हटून बसले, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही; तो मिनिटभरच मोजावा लागतो. जास्त वाटला, तर पुन्हा मोजायचा.

बाळ दूध ओढत नाही, झटके येतात, अंग तापतं किंवा गार पडतं. आईला खूप रक्तस्राव होतो, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी येते. ही लक्षणं दाखवताना पुढची कृतीही दाखवाच. नुसती भीती दाखवलेलं चित्र मी लावू देत नाही. आमच्या नाटकात आई बाळाला छातीशी घेते, सासू पिशवी उचलते, नवरा गाडी बोलावतो आणि तिघं दवाखान्याच्या दारातून आत जातात. तोवर टाळ्या थांबवायच्या नाहीत.