गच्चीच्या नळाखाली छताला येणारी ओल: लागू पडलेला उपाय
दर पावसाळ्यात बैठकीच्या छताला, नेमकी गच्चीवरचे पावसाचे पाणी खाली वाहून नेणाऱ्या नळाखाली, ओल येऊन पोपडे सुटत. आतून जलरोधक रंग लावून आणि भेगांत पांढरे सिमेंट भरूनही गळती थांबेना, याचा फार वैताग आला.

शेवटी मे महिन्यात नळाचे तोंड बंद करून गच्चीवर सुमारे दोन इंच पाणी 24 तास साठवले, तेव्हा नळ आणि स्लॅब यांच्या सांध्यातूनच पाणी झिरपत असल्याची खात्री पटली. सांधा पूर्ण सुकल्यावर सुटा गिलावा फोडला, जागा तारेच्या ब्रशने घासली, पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूने सांधा भरून कोपऱ्याला गोलाई दिली आणि तो वाळल्यावर जलरोधक लेपाच्या दोन थरांमध्ये फायबरची जाळी बसवली; ही जाळी नळाच्या तोंडात थोडी वळवणे अत्यंत महत्त्वाचे आहे. लेप सुकल्यावर तीच चाचणी पुन्हा घेतली; छत कोरडे राहिले. आता दरवर्षी मृगापूर्वी नळाचे तोंड साफ करून लेप तपासतो.