जुनं व्हिडिओ गेमचं मशीन घरी दुरुस्त करताय? आधी या चुका टाळा

भंगारवाल्याच्या गोडाऊनमध्ये नाहीतर बंद पडलेल्या पार्लरच्या पोटमाळ्यावर एखादं जुनं गेमचं कपाट दिसतं, मालक म्हणतो "चालू आहे हो, फक्त डिस्प्ले येत नाही", आणि आपण टेम्पो ठरवून मोकळे. आता "फक्त डिस्प्ले येत नाही" याचा अर्थ एक सुटलेली वायर असाही असू शकतो आणि ट्यूब, सप्लाय (वीज पुरवणारा भाग), बोर्ड (गेमचं सर्किट) तिन्ही गेलेत असाही. वर आणखी एक गोष्ट, आपल्याकडची नव्वदीतली बरीचशी मशीनं ओरिजिनल जपानी नाहीतच, लोकल सुताराने ठोकलेली प्लायवूडची पेटी, वरून सनमायका, आत २० किंवा २१ इंची घरगुती टीव्हीची पिक्चर ट्यूब आणि कॉपी बोर्ड. त्यामुळे यूट्यूबवरचे परदेशी व्हिडिओ बघून जसंच्या तसं करायला गेलात तर निम्म्या गोष्टी जुळणार नाहीत.

रंगाचा डबा आधी उघडायचा नाही

सगळ्यात कॉमन चूक हीच. पहिल्याच रविवारी लोक पॉलिश पेपर घेऊन बसतात, सनमायका सोलतात, स्प्रे मारतात, फ्लेक्सवाल्याकडून साईडचे स्टिकर छापून आणतात, फोटो टाकतात, आणि मग कळतं की ट्यूबच गेलेली आहे, ती काढायला मागची फळी, काच, कंट्रोल पॅनल सगळं उचकटायचं आणि नव्या रंगाची वाट लावायची. क्रम असा ठेवा की आधी वीज, मग पिक्चर, मग बोर्ड, मग बटणं, त्यानंतर सुतारकाम आणि रंग सगळ्यात शेवटी. पहिल्या तीन गोष्टी कळल्याशिवाय हे मशीन आपल्याला कितीला पडणार आहे तेच कळत नाही आणि तोपर्यंत रंगावर घातलेला प्रत्येक रुपया जुगार आहे.

याला अपवाद एकच, वाळवी. मशीन घरात घ्यायच्या आधी जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये आडवं करा, तळाची फळी स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा, पोकळ आवाज आला किंवा मातीच्या रेघा दिसल्या तर औषध मारून सुकल्याशिवाय उंबरठ्याच्या आत आणू नका. मशीन वाचेल न वाचेल, घरातलं लाकडी कपाट गेलं तर बायको किंवा आई पुढचा कुठलाच प्रोजेक्ट करू देणार नाही.

अंदाजाने पार्ट मागवणं

पिक्चर नाही म्हणून नवीन बोर्ड मागवला, तरी पिक्चर नाही म्हणून सप्लाय मागवला, शेवटी निघाली कनेक्टरची एक पिन ढिली. हा प्रकार इतका होतो की बोलायची सोय नाही. पहिला खर्च मल्टीमीटरचा करा, दोन-तीनशे रुपयांचा पिवळा डबडा मीटर या कामाला पुरतो. पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड, सुटे पार्ट तिथे एकेक करून मिळतात, ऑनलाइन पाच-पाचचे पॅक घ्यायची गरज नाही. आणि जुना पार्ट खिशात घेऊनच जा, "तसलाच द्या" म्हणणं वर्णन करण्यापेक्षा सोपं पडतं.

थेट प्लग घालून बटण दाबणं

वर्षानुवर्षं बंद पडलेलं मशीन आहे, उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, आत पाणी शिरलं होतं का, काहीच माहिती नाही, आणि लोक थेट २३० व्होल्ट देतात. जुने टीव्ही मेकॅनिक करायचे तसं करा, साधा ६० किंवा १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे करंट बल्बमधून जाऊनच मशीनला मिळेल असा लावून मग करंट द्या. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही, पूर्ण पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा आणि शोधा. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही, जुना तारेचाच लागतो.

फ्यूज उडालेला असेल आणि त्याच्या जागी कोणीतरी तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर समजून जा की आधीच्या मालकानेही दुखणं शोधलं नव्हतं. तार काढा, योग्य अँपिअरचा काचेचा फ्यूज घाला. आणि बऱ्याच मशीनचा थ्री-पिन प्लग कापून टू-पिन केलेला असतो, तो परत थ्री-पिन करा आणि कंट्रोल पॅनल पत्र्याचं असेल तर त्याला अर्थिंगची वायर जोडाच, पावसाळ्यात घामट हाताने लहान मुलं त्याच पत्र्यावर हात ठेवून खेळणार आहेत.

पाच व्होल्ट कुठे मोजायचे

गेम मधेच रिसेट होतो, स्क्रीनवर कचरा येतो, लोक म्हणतात बोर्ड गेला. अर्ध्या वेळा बोर्ड ठणठणीत असतो, त्याला पाच व्होल्ट पूर्ण पोचत नसतात. सप्लायच्या टोकाला मोजलं तर ५ दिसतात आणि जुन्या बारीक वायरीतून, काळवंडलेल्या कनेक्टरमधून बोर्डापर्यंत जाताना ४.६ होतात. मीटर बोर्डावर लावा, गेम चालू असताना. ५ च्या आसपास हवं, या जुन्या चिपांची मर्यादाच ४.७५ ते ५.२५ आहे. सप्लायवर बारीक स्क्रू असतो त्याने थोडं वाढवता येतं, पण वायर खराब असताना स्क्रू पिळत बसू नका, वायर आणि कनेक्टर स्वच्छ झाल्यावर तेच व्होल्टेज बोर्डावर जास्त होऊन बसेल. घरात पडलेला कॉम्प्युटरचा एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) वापरता येतो, हिरवी वायर काळीला जोडली की चालू होतो, फक्त नवीन एसएमपीएसमध्ये उणे ५ व्होल्ट नसतात आणि काही जुन्या बोर्डांना आवाजासाठी ते लागतात. गेम मस्त चालतोय पण आवाज नाही, असं झालं तर आधी बोर्डावरचा व्हॉल्यूमचा छोटा पॉट (फिरवायचा स्क्रू) आणि १२ व्होल्ट बघा, मग हे उणे ५ बघा.

पिक्चर ट्यूबशी पंगा

इथे पैसे वाचवायला जाऊ नका. चालू रंगीत ट्यूबच्या अ‍ॅनोडवर (बाजूच्या रबरी टोपीखाली) वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूब चार्ज धरून ठेवते, कित्येकदा दिवसेंदिवस. कधी केलेलं नसेल तर पहिल्यांदा गल्लीतल्या जुन्या टीव्ही मेकॅनिक काकांना बोलवा. एलसीडीच्या जमान्यात त्यांच्याकडे काम कमी आहे, चहा-पाण्यासकट माफक पैशात येतात आणि हा टीव्ही नसून गेम आहे म्हटल्यावर खूशही होतात. ते ट्यूब डिस्चार्ज करतात तेव्हा नीट बघा, वायरचं एक टोक ट्यूबभोवतीच्या विणलेल्या अर्थ वायरला असतं, सर्किट बोर्डाच्या ग्राउंडला नाही. मागची बारीक मान सगळ्यात नाजूक, ट्यूब उचलताना ती कुठे टेकली की हवा शिरते आणि खेळ खल्लास.

ट्यूब गेली असं ठरवायच्या आधी लक्षणं तर बघा. मधोमध एकच आडवी पांढरी रेघ येत असेल तर ट्यूब चांगली आहे, व्हर्टिकल सेक्शनचं (पिक्चर वर-खाली पसरवणाऱ्या सर्किटचं) काम आहे, बहुतेक वेळा आयसी किंवा ड्राय सोल्डर (सुटत आलेला जोड), आणि तोपर्यंत ब्राइटनेस कमी करा नाहीतर ती रेघ काचेवर कायमची भाजून बसेल. पिक्चर आक्रसलाय, कडा लाटांसारख्या हलतायत, तर फुगलेले किंवा सुकलेले कपॅसिटर. ते बदलताना ८५ डिग्रीच्या जागी १०५ डिग्रीचे घ्या, व्होल्टेज मूळच्याइतकं किंवा जास्त, आणि मायनसची पट्टी उलटी लावू नका. एखादा रंगच गायब असेल, सगळं निळं-हिरवं दिसत असेल, तर आधी बोर्डाकडून येणारी लाल वायर आणि मानेवरच्या छोट्या बोर्डाचं सोल्डर. कोपऱ्यात जांभळे डाग म्हणजे चुंबकत्व, स्पीकर ट्यूबला चिकटून बसवलाय का बघा. पिक्चर तिरका फाटतोय किंवा गरगर फिरतोय तर सिंक, म्हणजे पिक्चर जागेवर धरणारा सिग्नल.

ट्यूब खरंच गेली असेल तर लोक घरातला जुना कॉम्प्युटर मॉनिटर काढतात आणि स्क्रीन काळीच राहते. या गेम बोर्डांचा सिग्नल साधारण १५ किलोहर्ट्झचा असतो आणि व्हीजीए मॉनिटर ३१ पासून पुढे समजतो, मधे कन्व्हर्टर लागतो, जीबीएस-८२०० नावाचा स्वस्त बोर्ड बहुतेक लोक वापरतात. पिक्चर ट्यूबइतका देखणा येत नाही पण चालतो. बोर्डही मेलेला असेल तर सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे चालू जुना टीव्ही भंगारातून उचलायचा आणि रास्पबेरी पाय त्याच्या एव्ही इनपुटला जोडायचा, पायमधून तो सिग्नल निघतो, फक्त सेटिंगमध्ये चालू करावा लागतो. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू देत. गेलेली ट्यूब मात्र फोडू नका, काचेत शिसं असतं, ई-कचरा घेणाऱ्याला द्या.

बोर्डाचा कनेक्टर

१९८५ पासून आलेलं जामा नावाचं बोर्ड मशीनला जोडायचं स्टँडर्ड बहुतेक बोर्डांना लागू आहे, दोन्ही बाजूंना २८-२८ असे ५६ पॉइंट. कनेक्टर उलटा बसला की १२ व्होल्ट सरळ बटणांच्या लाइनमध्ये घुसतात. सातव्या पिनच्या जागी एक खुंटी असायला हवी म्हणजे उलटा जातच नाही, पण आपल्याकडच्या मशीनमध्ये ती हमखास तुटलेली असते, तेव्हा आधी मार्करने बाजू लिहून ठेवा. बोर्डाच्या सोनेरी पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर पॉलिश पेपर अजिबात नाही, मुलांचा पांढरा खोडरबर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल.

स्ट्रीट फायटर टू लावलाय, पंच चालतायत, किक चालत नाही? काहीही बिघडलेलं नाही. जामामध्ये प्रत्येक खेळाडूला तीनच बटणं मिळतात, किकच्या तीन बटणांसाठी बोर्डावर वेगळा कनेक्टर असतो, त्याची वायर हरवलेली आहे, ती बनवून घ्यायची. आणि नशिबाने कॅपकॉमचा ओरिजिनल मुस्तफा, म्हणजे १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, हाती लागला तर त्याच्यावर बॅटरी असते, ती "जुनी झाली" म्हणून उपटून फेकू नका, तिच्यावर आवाजाच्या प्रोसेसरची किल्ली, म्हणजे प्रोग्रॅम उलगडायचा कोड, जिवंत असते. कॉपी बोर्डाला ही भानगड नसते.

बटणं आणि दांडा

बटण सतत दाबलेलंच आहे असं वागतंय तर मायक्रोस्विचवर वायर चुकीच्या पायावर आहे, कॉमन आणि एनओ (दाबल्यावर जोडला जाणारा) वापरायचे, एनसी (दाबल्यावर सुटणारा) नाही. दांडा वर केला की हिरो खाली बसतो? दांडा मधल्या आसावर फिरतो, वर ढकलला की खालच्या बाजूचा स्विच दाबला जातो, म्हणून वायरी समोरासमोरच्या स्विचला बदला. नवीन दांडा घ्यायच्या आधी फक्त मायक्रोस्विच बदलून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

लाकूड, आणि शेवटी गल्ला

तळ कुजलेला असतोच, पार्लरची फरशी रोज पुसली जायची आणि पाणी प्लायमध्ये चढायचं. पूर्ण साईड बदलायची गरज नाही, खालची कुजकी पट्टी सरळ कापून तेवढ्याच जाडीच्या प्लायचा तुकडा आतून आधार देऊन बसवा, सांध्यात लांबी भरा, खाली रबरी बूच किंवा चाकं लावा. एमडीएफ स्वस्त पडतो म्हणून वापरू नका, कोकणात किंवा मुंबईत एका पावसाळ्यात फुगतो.

नाण्याच्या खाचेत लोक उगाच दिवस घालवतात. जुना स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा होता, २०११ पासूनचा २२ चा आहे, त्यामुळे जुन्या मापाचा गल्ला नवीन नाणं सरळ खाली सोडून देतो आणि क्रेडिट काही चढत नाही. घरच्या मशीनला बऱ्याच बोर्डांच्या डिप स्विचमध्ये (सेटिंगच्या छोट्या खटक्यांमध्ये) फ्री प्ले, म्हणजे नाण्याशिवाय खेळ, असतो, तो चालू करा. नाण्याचीच हौस असेल तर जुने रुपये डबाभर जमवा आणि गल्ल्याची किल्ली स्वतःकडे ठेवा.