आईबाबांचं कोलेस्टेरॉल वाढलंय? चहा-कॉफी बंद करायच्या आधी हे बघा

लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, रिपोर्ट आला आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलेलं दिसलं की घरात पहिली गदा चहावर येते, आमच्याकडे पण तेच झालं, आईचा चहा एकदम तोडला आणि दोन-तीन दिवस तिचं डोकं धरलेलं, चिडचिड वेगळीच. म्हणून सांगते, म्हाताऱ्या माणसाचा कप काढून घेऊ नका, तो बनतो कसा ते बघा.

आधी कॉफी. इथे कोलेस्टेरॉलला नडतं ते कॅफीन नाही, कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल म्हणून एक घटक असतो तो एलडीएल वाढवतो, त्यामुळे डिकॅफची, म्हणजे कॅफीन काढलेली, पूड आणून उकळली तरी फायदा नाही. आपण कॉफीची पूड दुधापाण्यात उकळवतो, जायफळ किसतो, गाळणीने गाळतो, आणि गाळणीच्या जाळीतून हे तेल खुशाल कपात येतं. कागदी फिल्टर मात्र ते अडवतो. फिनलंडमध्ये लोक पूर्वी उकळलेली कॉफी प्यायचे, मग कागदी फिल्टर आला, तिथलं कोलेस्टेरॉल उतरलं त्यात याचाही हात मानतात.

तर गाळणीत कागदी फिल्टर ठेवा, त्यात पूड घाला, वरून गरम पाणी हळूहळू ओता, दूध वेगळं तापवून मिसळा, जायफळ शेवटी. एवढा व्याप नको असेल तर इन्स्टंट कॉफी घ्या, तिच्यात कॅफेस्टॉल अगदी नावाला असतं. फक्त दूध-साखर घातलेलं तयार पाकीट नको, त्यात बऱ्याचदा पामतेल किंवा खोबरेल असतं, मागचं वाचून घ्या.

चहात कॅफेस्टॉल नसतंच, तिथे खरा प्रश्न दुधाचा, आणि हा हिशोब कोणी करत नाही. दिवसाला ५ कप, कपात ७५ मिली दूध धरलं तर ३७५ मिली झालं. फुल क्रीम दुधात ६ टक्के फॅट असतं, म्हणजे साडेबावीस ग्रॅम, त्यातलं निम्म्याहून जास्त सॅच्युरेटेड, आणि तेच एलडीएल वाढवतं. डबल टोन्ड घेतलं की १.५ टक्के, म्हणजे साधारण साडेपाच ग्रॅमवर आलात. साखर कमी केली तर ट्रायग्लिसराइडलाही (रक्तातली दुसरी एक चरबी) बरं. आणि सोबतची खारी बघा हो, वनस्पती तुपाचे पदर असतात ते, तिच्याजागी भाजलेले चणे द्या.

थायरॉइडची गोळी असेल तर ती आधी पाण्याबरोबर, चहा-कॉफी निदान अर्ध्या तासाने. झोप लागत नसेल तर शेवटचा कप दुपारी. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी, चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, दुधातला बदल हा गोळीला पर्याय नाहीये, पुढची टेस्ट कधी ते डॉक्टरांना विचारा.

आई पहिले दोन दिवस "पाणचट झालाय" म्हणाली, मग चहा जरा जास्त उकळला, आलं दुप्पट ठेचून घातलं, गवती चहाची पात टाकली, आता तोच मागते.