घरगुती ऑनलाइन विक्रीसाठी माल आणि पुरवठादार कसे शोधावेत

गोव्यात घरून विक्री सुरू करताना परराज्यातील स्वस्त मालाच्या मागे लागण्याआधी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोन-तीन फेऱ्या माराव्यात. आमसुले, खोला मिरची आणि काजूगर यांचे दर तेथे समोरासमोर कळतात आणि थेट उत्पादकापर्यंत पोहोचण्याची वाटही सापडते. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन (त्या प्रदेशातील मालालाच ते नाव वापरण्याचा हक्क) मिळाले असल्यामुळे आयात बियांचा गर ‘गोव्याचा’ म्हणून आपल्या माथी मारला जात नाही ना, याची कारखानदाराकडे स्पष्ट चौकशी करावी. पहिली खरेदी चार-पाच किलोंच्या पुढे नेऊ नये. नमुना महिनाभर, शक्यतो पावसाळ्यात, घरीच ठेवून पाहावा, कारण आपल्या दमट हवेत मऊ पडणारा गर ग्राहकाच्या हाती कुरकुरीत पोहोचणे कठीणच. दर, वजन आणि खराब माल परत घेण्याची अट लेखी घ्यावी. खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आवश्यक असते. ती पुरवठादाराकडेही आहे का, हे तपासावे. फेणीचा मोह मात्र टाळावा, तिच्या विक्रीला अबकारी परवाना लागतो. आमसुलांची वर्षभराची बेगमी पुरुमेंताच्या दिवसांत, म्हणजे पावसापूर्वीच करून ठेवावी.